एकाच घरातील संगणक एकमेकांस का दिसत नाहीत?

बडोदे शहरातील दांडिया बाजार हा भाग गायकवाडी अमदानीपासून मराठी कुटुंबांची वस्ती म्हणून परिचित आहे. या परिसरातील जुन्या घरांच्या भिंती जाड असतात. त्यांतून पार होताना वाय-फायच्या लहरी क्षीण होतात. म्हणून वरच्या मजल्यासाठी दुसरा राउटर बसविला जातो, आणि पुष्कळदा अडचणीचे मूळ तेथेच असते.

अशा एका घराचे उदाहरण घेऊ. घरातील जुनी मोडी कागदपत्रे स्कॅन करून वरच्या मजल्यावरील संगणकात साठविलेली आहेत. मूळ कागदांस वाळवी लागलेली असल्यामुळे फाइलींची दुसरी प्रत तळमजल्यावरील संगणकात असणे अगत्याचे आहे. त्याकरिता फोल्डर ‘शेअर’ केला, तरी खालून तो उघडत नाही. वरून मात्र खालचा संगणक उघडतो! हे चमत्कारिक वाटले, तरी लक्षण मोठे बोलके आहे.

प्रत्येक राउटर आपल्याशी जोडलेल्या संगणकांस घरक्रमांकासारखा एक पत्ता देतो. काळ्या पडद्याची ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही खिडकी उघडून तेथे ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिल्यास तो वाचता येतो. समजा, खालच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि वरच्याचा १९२.१६८.०.७ असा आला. घरगुती मांडणीत पहिले तीन आकडे जुळत नसतील, तर एका घरात दोन निराळी जाळी झाली आहेत असे समजावे. दुसरा राउटर आपल्या आतील संगणकांस बाहेर जाऊ देतो. बाहेरून आत येणाऱ्यास मात्र अडवितो. वाड्याच्या दिंडी दरवाजावर बसलेला पहारेकरीच तो! यास्तव वरून खाली वाट आहे, खालून वर नाही.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर आणणे. तशी सोय नसल्यास त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे ‘डीएचसीपी’, बंद करावे. त्याला पहिल्या राउटरच्या मालिकेतील एक मोकळा पत्ता द्यावा. आणि खालून आलेली तार ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ खाचेत घालावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकास पत्ता मिळालेलाच नाही. तेव्हा आधी तार अथवा वाय-फाय तपासावे. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ‘गेस्ट’ वाय-फायवरील यंत्रे बहुधा मुद्दामच वेगळी ठेवलेली असतात, हेही ध्यानात असावे.

पत्ते जुळल्यावर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन समोरच्या संगणकाचा पत्ता लिहावा. त्याने उघडले आणि नावाने उघडले नाही, तर दोष केवळ नाव शोधण्यात आहे. काम अडत नाही. पत्त्यानेही न उघडल्यास जाळे ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले आहे काय ते पाहावे. घरच्या जाळ्यास ‘प्रायव्हेट’ हीच नोंद योग्य होय.

यानंतर पासवर्डाचा प्रश्न येतो, आणि येथे भलेभले फसतात. संगणक रोज उघडताना आपण चार आकडी पिन देतो. तो पिन त्या यंत्रापुरताच असतो. दुसऱ्या संगणकावरून येताना खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. ज्या खात्यास पासवर्डच नाही, त्याला विंडोज जाळ्यावरून सहसा प्रवेश देत नाही. याकरिता फोल्डर असलेल्या संगणकावर पासवर्डासह एक वेगळे साधे खाते काढावे, हे उत्तम.

कंटाळून फायरवॉल बंद करणे, किंवा फोल्डर सर्वांस खुला करणे, हे घराचे कुलूपच काढून टाकण्यासारखे आहे. ‘एसएमबी १’ ही जुनी पद्धत पुन्हा सुरू करण्याचा सल्लाही काही ठिकाणी मिळतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या उपद्रवी प्रोग्रामने याच पद्धतीतील दोषाचा फायदा घेऊन जगभरातील संगणकांच्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या. तो सल्ला मानू नये. जुन्या पुस्तकांत वाचावयास मिळणारी ‘होमग्रुप’ ही सोय तर विंडोज १० मधून २०१८ सालीच काढून टाकण्यात आली. तिचा शोध घेण्यात वेळ दवडू नये.

शाळा किंवा ग्रामपंचायत कार्यालयात दोन-तीन संगणक असतील, तर तेथेही हीच तपासणी याच क्रमाने करता येते.

आता पुन्हा त्या मोडी कागदांकडे वळू. फोल्डर खालून दिसू लागला म्हणजे दुसरी प्रत झाली, असे नव्हे. खालून दिसणारी फाइल वरच्याच डिस्कवर असते. ती डिस्क बिघडल्यास दोन्हीकडून ती नाहीशी होईल. म्हणून सर्व फाइली खालच्या संगणकात प्रत्यक्ष उतरवून घ्याव्यात, आणि खालून येणाऱ्या खात्यास फक्त वाचण्याची परवानगी ठेवावी. म्हणजे घाईत एखादे दानपत्र खालून पुसले जाणार नाही.