विद्यापीठ-ग्रंथालयातील एकत्रित शोध आणि भारतीय भाषांतील नावे

चेन्नईच्या दक्षिण भागातील एका वस्तीचे नाव मराठीत आपण 'गिंडी' असे लिहितो. इंग्रजी अमदानीपासून रोमन लिपीत ते ज्या अक्षरांनी लिहिले जाते, त्यांचे सरळ वाचन 'गुइंडी' असे होईल. तमिळ लिपीतील नावाचे अक्षरास अक्षर लावून देवनागरीकरण केले, तर 'किण्टि' असे रूप हाती येते, कारण तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींना मिळून एकच अक्षर आहे. तिथे राहणाऱ्या माणसाला ही तिन्ही रूपे एकाच गावाची वाटतात. ग्रंथालयातील शोधयंत्राला मात्र, कोणी मुद्दाम शिकविल्यावाचून, ती तीन गावे वाटतात. प्रस्तुत लेखाचा विषय विद्यापीठ-ग्रंथालयांनी एकत्रित शोधसाधन कसे निवडावे व कसे राबवावे हा आहे. परंतु भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचा गाभा या तीन रूपांतच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

गिंडीचा उल्लेख केवळ नावासाठी केलेला नाही. १७९४ साली मद्रासेत सुरू झालेल्या भूमापन-शाळेतून वाढत गेलेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९२० मध्ये येथे आले. १९४४ मध्ये अळगप्पा चेट्टियार यांच्या देणगीतून तंत्रशास्त्राचे महाविद्यालय येथेच उभे राहिले. १९७८ साली ही दोन्ही महाविद्यालये, क्रोमपेट येथील मद्रास तंत्रशास्त्र संस्था आणि स्थापत्य व नियोजन विद्यालय अशा चार संस्था एकत्र करून अण्णा विद्यापीठ स्थापन झाले. शेजारीच मद्रास विद्यापीठाचा गिंडी परिसर आहे. त्या विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय मात्र समुद्रकाठी चेपॉक येथे. विद्यापीठाची स्थापना एका कायद्याने एका दिवसात होते, ग्रंथसंग्रहांचे मात्र तसे होत नाही. प्रत्येक संग्रहाची तालिका आपापल्या काळी, आपापल्या नियमांनी व आपापल्या लेखनिकांच्या हातून तयार झालेली असते. पत्रके जाऊन संगणक आले तरी जुन्या पत्रकांवरील लेखनच बहुधा संगणकात उतरते. अशा ठिकाणी वाचकाने चार तालिका, नियतकालिकांच्या दहा-वीस याद्या आणि प्रबंधांचा वेगळा साठा स्वतंत्रपणे धुंडाळावा, की एकाच ठिकाणी शब्द टाकून सर्वांचा ठाव घ्यावा? दुसरा मार्ग म्हणजेच एकत्रित शोध.

हा शोध दोन रीतींनी होतो, आणि निवड करणाऱ्याने त्यांतील फरक प्रथम नीट समजून घेतला पाहिजे. पहिल्या रीतीत वाचकाचा प्रश्न त्याच क्षणी प्रत्येक साठ्याकडे पाठविला जातो आणि आलेली उत्तरे एकापुढे एक मांडली जातात. सर्वांत मंद साठ्याची वाट सर्वांना पाहावी लागते, आणि प्रत्येकाच्या उत्तरांचा क्रम निराळ्या तत्त्वावर लागलेला असल्याने त्यांची खरी एकत्र प्रतवारी होत नाही. दुसऱ्या रीतीत सर्व नोंदी आधीच गोळा करून त्यांचा एक मध्यवर्ती निर्देश तयार ठेवतात. प्रश्न फक्त त्या निर्देशाला विचारला जातो. २००९ साली 'समन' हे साधन या पद्धतीने बाजारात आले, आणि 'प्रायमो', 'एब्स्को' यांची साधनेही त्याच वाटेने वाढली. व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात तयार झालेले 'व्ह्यूफाइंड' हे मुक्त स्वरूपाचे असून ग्रंथालयाला आपल्या नोंदींचा निर्देश त्यात स्वतः घडविता येतो. पहिली रीत आता मागे पडली आहे. दुसरी वेगवान आहे. पण तिचा एक धोका असा की जे निर्देशात नाही, ते वाचकाच्या लेखी अस्तित्वातच नसते.

मद्रासला ही कल्पना नवी नाही. आउफ्रेख्ट या जर्मन पंडिताने संस्कृत हस्तलिखितांच्या विखुरलेल्या सूची एकत्र करून १८९१ ते १९०३ या काळात तीन भागांत एक महासूची प्रसिद्ध केली. तिची नवी, कितीतरी मोठी आवृत्ती तयार करण्याचे काम मद्रास विद्यापीठाने १९३५ साली हाती घेतले. पहिला खंड १९४९ मध्ये डॉ. वे. राघवन यांच्या संपादनाखाली निघाला. तो कागदावरील मध्यवर्ती निर्देशच होय. मात्र त्या संपादकांचा खरा वेळ नोंदी गोळा करण्यात गेला नाही, तर अमुक सूचीतील ग्रंथकार आणि तमुक सूचीतील ग्रंथकार एकच की भिन्न, हे ठरविण्यात गेला असला पाहिजे. आजची साधने विकणारे गोळा करण्याविषयी पुष्कळ बोलतात, ठरविण्याविषयी फारच थोडे.

हे ठरविणे साहित्याच्या अभ्यासकाला किती निकडीचे आहे, याचे उदाहरण तमिळनाडूतच सापडते. तंजावरवर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याचा अंमल होता, आणि त्या दरबारात मराठी, तमिळ, तेलुगू व संस्कृत अशा चारही भाषांत लेखन झाले. त्याचा मोठा भाग सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. या नाट्यवाङ्मयावर काम करणाऱ्या संशोधकाची सामग्री चार भाषांत, देवनागरी, मोडी, तेलुगू, ग्रंथ व तमिळ लिप्यांत आणि त्यावरचे विवेचन बरेचसे इंग्रजीत असते. त्याला एकत्रित शोधाची जितकी गरज आहे तितकी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही नसेल. पण ज्या राजाला आपण सरफोजी म्हणतो त्याला शरभोजी, शरफोजी, सेर्फोजी अशी नावे आहेत. गावाची तंजावर, तंजावूर, टँजोर अशी. संशोधकाने एक रूप टाकले आणि साधनाने तेवढेच शोधले, तर राहिलेले नाहीच असा समज करून तो आपला प्रबंध पुरा करील. चुकीचे उत्तर परीक्षकाच्या नजरेस येते, न आलेले उत्तर कोणाच्याच नजरेस येत नाही.

आता मराठीतील एक सर्वपरिचित उदाहरण घेऊ. राम गणेश गडकरी यांची नाटके त्यांच्या स्वतःच्या नावाने, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने प्रसिद्ध झाले. तालिकाकाराने जे मुखपृष्ठावर दिसले ते लिहिले असेल, तर शोधयंत्रात हे तीन लेखक होतात. रोमन व तमिळ लिप्यंतरे मिळविली तर नऊ. यावरील उपाय मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयातच नव्वद वर्षांपूर्वी निघालेला आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन हे १९२४ ते १९४४ या काळात तेथे ग्रंथपाल होते. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात साहित्यकृतीचा वर्गांक भाषा, वाङ्मयप्रकार, लेखक व कृती या क्रमाने बनतो, आणि लेखक दर्शविला जातो तो नावाने नव्हे, त्याच्या जन्मवर्षाने. शतकाला एक रोमन अक्षर, पुढे वर्षाचे दोन अंक. शेक्सपियरचा जन्म १५६४ चा, म्हणून 'जे ६४'. गडकऱ्यांचा १८८५ चा, म्हणून 'एम ८५'. काव्यासाठी १ व नाटकासाठी २ असा प्रकाराचा अंक बदलेल, पण गोविंदाग्रजांच्या कवितेला व गडकऱ्यांच्या नाटकाला 'एम ८५' समानच राहील. कुसुमाग्रज व वि. वा. शिरवाडकर यांचेही तसेच. एकाच वर्षी जन्मलेले लेखक वेगळे करण्यासाठी पुढे आणखी अंक जोडावा लागतो, आणि ज्याचे जन्मवर्ष ठाऊक नाही अशा जुन्या संतकवीपाशी ही युक्ती अडखळते, हे मान्य केले पाहिजे. तथापि लेखकाची ओळख कोणत्याही लिपीवर अवलंबून ठेवावयाची नाही, हे तत्त्व पक्के आहे. २००३ मध्ये अमेरिकेच्या व जर्मनीच्या राष्ट्रीय पातळीवरील ग्रंथालयांनी सुरू केलेली लेखकनामांची आंतरराष्ट्रीय सूचीही शेवटी हेच करते: नाना रूपे एका क्रमांकाखाली आणते.

नावाखेरीज लेखनाच्याही अडचणी आहेत, आणि त्या साधन विकत घेण्यापूर्वीच तपासता येतात. 'गडकरी' हा शब्द टाकल्यावर 'गडकऱ्यांची नाटके' हे शीर्षक सापडते काय? मराठीत शब्दाचे सामान्यरूप होते. इंग्रजीसाठी घडविलेल्या साधनाला ते ठाऊक नसते. शिवाय 'ऱ्य' मधील अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. 'ॲरिस्टॉटल' मधील पहिल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्याआधी कोणी अ वर चंद्र देत, कोणी 'ऍ' वापरीत. तिन्ही प्रकारच्या नोंदी आज एकाच तालिकेत नांदत आहेत. मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले, त्यापूर्वीची शीर्षके 'नाटकें', 'कांहीं' अशी सानुस्वार आहेत. अशी वीस-पंचवीस शीर्षके हाताशी घेऊन विक्रेत्यासमोर बसावे. हा प्रयोग एका दुपारचा आहे आणि त्यातून जे कळते ते छापील माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यातून कळत नाही.

येथे प्रमाणाचाही प्रश्न येतो. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि २०२५ च्या आरंभापासून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना खुली झाली. हा लाभ मोठाच आहे. परंतु ही नियतकालिके बहुतांशी इंग्रजी व विज्ञानविषयक असल्याने त्यांतील लाखो लेखांच्या निर्देशात ग्रंथालयातील काही हजार मराठी-तमिळ ग्रंथ ओतले, तर ते तळाशी बसणार. म्हणून विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न निर्देशात किती कोटी नोंदी आहेत हा नसावा. स्थानिक नोंदींना वेगळा रकाना किंवा वरचा क्रम देता येतो काय, भाषेनुसार निवड करता येते काय, आणि समानार्थी रूपांची आमची यादी तुमच्या साधनात घालता येते काय, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर निदान भाषाविभाग असलेल्या विद्यापीठाने ते साधन घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुक्त साधनांत ही मोकळीक मिळते. मात्र ती राबविणारा जाणकार माणूस पदरी ठेवावा लागतो, आणि त्याचे वेतन परवान्याच्या शुल्काइतकेच खरे असते. करार कोणताही असो, सुधारलेल्या नोंदी ग्रंथालयाच्या मालकीच्या राहतील व साधन बदलल्यास बाहेर काढता येतील, हे कलम त्यात हवेच.

राबविण्याच्या कामात नोंदींची दुरुस्ती आधी आणि साधन नंतर, हा क्रम प्रत्यक्षात नेहमी उलटा होतो. सर्व नोंदी एकदम सुधारण्याची उमेद धरली की काम कधीच सुरू होत नाही. ज्या लेखकांची मागणी अधिक, अशी प्रथम दोनशे नावे घ्यावी. प्रत्येकापुढे देवनागरी, रोमन व तमिळ रूपे, टोपणनावे आणि जन्मवर्ष लिहावे. 'मार्क २१' या प्रचलित नोंदपद्धतीत मूळ लिपी व रोमन लिपी यांची रूपे शेजारी शेजारी ठेवण्याची सोय आहेच. आपल्याकडे ती क्वचितच भरली जाते. या कामाला संगणक जाणणारा एक आणि भाषा जाणणारा एक, अशी दोन माणसे लागतात, आणि दुसरे माणूस बहुधा नेमलेच जात नाही. चेन्नईपुरते बोलावयाचे तर ते दुर्मिळही नाही. तंजावरहून आलेली, घरात पिढ्यान्पिढ्या आपल्या वळणाची मराठी बोलणारी आणि शाळेत तमिळ शिकलेली कुटुंबे या शहरात आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना देवनागरीही येते अशा दोघांना दोन वर्षे या कामावर नेमले, तर सरफोजी आणि शरभोजी ही एकाच माणसाची नावे आहेत हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.