कोरियाला दुभंगणारी अडतिसावी रेषा

अक्षवृत्त डोंगर पाहत नाही, नदी पाहत नाही, गावही पाहत नाही. पृथ्वीवरचं स्थान सांगण्यासाठी माणसाने कल्पिलेली ही रेषा. कोरियात मात्र तिचीच सरहद्द झाली आणि एक भाषा बोलणारा देश दोन झाला.

1910पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. ऑगस्ट 1945मध्ये जपान शरण येण्याच्या बेतात असताना सोव्हिएत फौजा कोरियाच्या वेशीवर होत्या आणि अमेरिकेचं सैन्य अजून दूर होतं. जपान्यांची शस्त्रं कोणी कुठे उतरवून घ्यायची, हे ठरवण्याचं काम 10 ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या लष्करी अधिकाऱ्यांवर पडलं. हाताशी नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा आणि जेमतेम अर्धा तास. राजधानी सोल आपल्या वाट्याला यावी म्हणून त्यांनी 38 अंश उत्तर अक्षवृत्त सुचवलं. स्टालिनने ते मान्य केलं. कोरियन माणसाला कोणी विचारलंच नाही.

या रेषेने नद्या, रस्ते, रेल्वेमार्ग कापले. ओंगजिन द्वीपकल्प दक्षिणेच्या वाट्याला आलं, पण तिथे जमिनीवरून जायचं तर उत्तरेतूनच वाट होती. मोठी वीजकेंद्रं उत्तरेत राहिली. मे 1948मध्ये उत्तरेने दक्षिणेची वीज तोडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिणेत आणि सप्टेंबरमध्ये उत्तरेत वेगळं राज्य उभं राहिलं. दावा दोघांचाही अख्ख्या कोरियावर.

25 जून 1950 रोजी उत्तरेच्या फौजांनी रेषा ओलांडली. तीन वर्षांत लाखो माणसं मेली. 27 जुलै 1953 रोजी पानमुनजोमला शस्त्रसंधी झाली. शांतता करार आजही झालेला नाही. नवी रेषा लढाई थांबली तिथे आखली गेली. त्यामुळे केसोंग उत्तरेकडे गेलं, सोकचो दक्षिणेकडे आलं. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण करायला भारतीय सैन्य गेलं. त्याचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात.

1945ची ती रेषा तात्पुरती होती. पण ती कधी आणि कोणी पुसायची, हे तेव्हा ठरलं नाही. मग दोन्हीकडच्या सत्ता तिच्याच आधाराने उभ्या राहिल्या आणि ताटातूट झालेली कुटुंबं भेटीची वाट पाहत म्हातारी झाली. म्हणून परक्या भूमीवर तात्पुरती रेषा ओढणाऱ्याने ती पुसण्याची मुदतही त्याच बैठकीत ठरवली पाहिजे. ते जमत नसेल, तर रेषा ओढण्याचा अधिकारही त्याला नाही.