वस्त्ररक्षण (लेखांक सातवा) : रक्ताचा डाग, कोसा आणि लेस

गेल्या लेखांकात हळदीच्या डागाची कैफियत मांडली आणि ऊन हाच त्यावरचा खरा इलाज असा निवाडा दिला. रक्ताच्या डागाला तोच निवाडा लागू केला तर वस्त्राचा घात होईल. म्हणून या आठवड्यात आरंभीच सांगून टाकतो की ऊन, इस्त्री आणि कढत पाणी या तिघांनाही येथे सक्त मज्जाव आहे.

हा विषय भंडारा जिल्ह्यातील वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावा, असे मला वाटते. मोहाडी तालुक्यातील आंधळगावासारख्या गावी कोष्टी विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या कोशाचे कापड विणले; त्या कापडाचा कोसा ऐनाच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला येन म्हणतात त्या झाडांवर आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या अळ्यांचा, आणि त्या अळ्यांची राखण करणारे पुष्कळसे ढिवर समाजाचे. या पट्ट्यातील करवत काठी साडीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. अशी साडी ज्या घरी आहे तेथे ती लग्नाकार्यालाच निघते, आणि रक्ताचा थेंब पडण्याचे प्रसंगही नेमके लग्नाकार्यातच येतात. हिरवा चुडा भरताना घट्ट बांगडी पिचते, काच मनगटात रुतते, आणि 'काही नाही, काही नाही' असे म्हणत हात झटकला जातो तोच मध-वर्णाच्या पदरावर दोन-चार तांबडे ठिपके उमटतात. मग कोणीतरी अनुभवी काकू चुलीवरचे कढत पाणी मागवते, आणि जो डाग पाच मिनिटांत सहज निघाला असता त्याचा कायमचा मुक्काम होतो.

याचे कारण रक्ताच्या घटनेत आहे. रक्ताचा रंग हिमोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनाचा. त्याच्या जोडीला द्रवभागात इतर प्रथिने असतात. ही सारी थंड पाण्यात विरघळतात. परंतु उष्णता लागताच, शिजलेल्या अंड्याचा पांढरा बलक जसा पुन्हा पातळ होत नाही, तशी ती गोठून तंतूला चिकटतात. नुसते वाळू दिले तरी हवेतील प्राणवायूने हिमोग्लोबिनाचे रूप पालटते, तांबड्याचा तपकिरी होतो आणि विद्राव्यता घटत जाते. येथे विदर्भाच्या उन्हाळ्याचे एक वेगळेच संकट आहे : वैशाखातल्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी 'थंड' या नावाला पात्र नसते. डाग धुण्यास रांजणातले किंवा माठातले पाणी घ्यावे.

यापुढची अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म तीच आहे. रक्त हे प्रथिन, तसा कोसाही प्रथिनच. डाग आणि वस्त्र एकाच कुळीचे असल्यामुळे जे द्रव्य रक्ताचा फडशा पाडते ते बहुधा कोशालाही सोडत नाही. प्रथिने पचविणारी विकरे घातलेली धुण्याची पावडर सुती चादरीवरचे रक्त उत्तम काढते. ओटो र्‍योम या जर्मन रसायनज्ञाने 1913 च्या सुमारास या कल्पनेचे पेटंट घेतले तेव्हापासून तिचा प्रसार होत आला आहे. पण तीच पावडर रेशमी तंतू कुरतडते. धुण्याचा सोडा त्याचे तेज घालवितो, आणि क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर तर रेशीम अक्षरशः विरघळवून टाकते. करवत काठी साडीत ही गुंतागुंत दुहेरी होते, कारण तिचे अंग कोशाचे आणि काठ सुताचा. विणकर तीन धोटे चालवून काठाचा रंग अंगात मिसळू न देता ही दोन कुळे एका मागावर नांदवितो. काठावर चालणारा उपाय चार बोटे अलीकडे, अंगावर, चालेलच असे नाही. म्हणून डाग पाहण्यापूर्वी तो कोणत्या तंतूवर पडला आहे हे पाहावे.

कोशावरील ताज्या डागाची तजवीज अशी करावी. खाली पांढऱ्या मलमलीची घडी ठेवून डागाची सुलट बाजू तिच्यावर पालथी घालावी आणि उलट बाजूने थंड पाण्यात भिजविलेल्या फडक्याने टिपत जावे, म्हणजे रक्त आले त्याच वाटेने परत जाते. चोळू नये, चोळल्याने कोशाचा तंतू उसवून पांढुरका पट्टा उठतो, आणि तो मात्र कशानेही जात नाही. मलमल लाल झाली की घडी बदलावी. रेशमावर ओलीच्या कडेने वलय उमटते, यास्तव शेवटी भोवतालचा भागही ओलसर करावा, किंवा साडी धुण्याजोगी असल्यास ती सबंधच रिठ्याच्या थंड, पातळ पाण्यातून काढावी. पाण्यात चिमूटभर मीठ घातल्यास प्रथिने सुटण्यास साह्य होते. मात्र जरीच्या काठाला मिठाचे पाणी लागू देऊ नये, जर काळवंडते. वाळविणे सावलीत.

शिंपीकाम करणाऱ्यांची एक जुनी रीत येथे नमूद करण्याजोगी आहे : सुई बोटाला टोचून कापडावर ठिपका पडला की ते तत्काळ पांढरा दोरा तोंडात घोळवून त्याची गोळी त्या ठिपक्यावर फिरवितात. आपल्या रक्ताला आपलीच लाळ लागते, अशी समजूत आहे. लाळेतील विकर मुख्यतः पिष्टावर चालते, रक्तावर नव्हे. खरा गुण त्या तत्परतेचा. रीत मात्र चांगली आहे.

टिपूनही पिवळसर छाया राहिली तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा विचार करावा. थेनार या फ्रेंच रसायनज्ञाने 1818 मध्ये शोधलेले हे द्रव्य रक्ताला भेटताच फसफसते, कारण रक्तातील कॅटॅलेझ हे विकर त्याचे पाणी आणि प्राणवायू यांत विघटन करते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर पुष्कळदा '20 व्हॉल्यूम' असे लिहिलेले असते. ते सुमारे 6 टक्के असते, तेव्हा निम्मे पाणी मिसळल्याखेरीज वापरू नये. पांढऱ्या सुतावर ते निर्धास्त चालते. कोशाच्या नैसर्गिक सोनेरी रंगावर मात्र तेच द्रव्य डागाबरोबर रंगही उडविते, आणि तपकिरी ठिपक्याच्या जागी फिकट ठिपका येतो. आतल्या घडीत आधी परीक्षा केल्यावाचून हात लावू नये.

लेसची गोष्ट निराळी. झबल्याची, परकराची किंवा क्रोशाने विणलेल्या रुमालाची लेस बहुधा सुती असते. तिला प्रथिनांचे भय नाही, भय आहे ते तिच्या जाळीला. ओली लेस स्वतःच्याच भाराने ताणते आणि चिमटीत धरून पिळली की एखादा धागा तुटून अख्खी कळी उसवते. यासाठी ती पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर लांब कच्च्या टाक्यांनी टाचावी, कापडासह पसरट परातीत थंड पाण्यात बुडवावी, पाणी दोन-तीनदा बदलावे, आणि नंतर तळव्याने केवळ दाबावे. सुती लेस पांढरी असेल तर वरील पातळ पेरॉक्साइड किंवा विकरयुक्त पावडरही चालेल. नायलॉनच्या लेसचा डाग तंतूत फारसा मुरत नाही, तो पाण्यानेच निघतो.

जुना, काळपट डाग थंड पाण्यात रात्रभर भिजवून, वर थोडे ग्लिसरीन लावून मऊ करावा आणि मग टिपावा; एवढ्याने न निघाल्यास हट्ट धरू नये. आजीच्या साडीवरचा एक पुसट ठिपका मला छिद्रापेक्षा केव्हाही मान्य आहे.

वाचकांना एकच विनंती : साडी धुलाईच्या दुकानात द्यायची झाल्यास संकोचापोटी डागाचे कारण दडवू नका. जागेवर रंगीत दोऱ्याचा एक टाका घाला, 'रक्ताचा आहे, कोसा आहे, वाफ लावू नका' असे स्पष्ट सांगा, आणि तेच पावतीवर लिहून घ्या.