माहेरचा वाटा आणि हक्कसोडपत्र

वडिलांचे तेरावे उरकते न उरकते तोच घरात कागदपत्रांची हालचाल सुरू होते. बहिणी सासरी परतण्यापूर्वी त्यांच्या सह्या होणे सोयीचे असते. 'सातबाऱ्यावर नावे लावायची आहेत', एवढेच त्यांना सांगितले जाते. प्रत्यक्षात पुढ्यात असते ते हक्कसोडपत्र. शहराच्या वेशीवरची जी जमीन कालपर्यंत कोणी कसायलाही तयार नव्हते, तिला बिगरशेतीचा भाव आला की भाऊबंदांना नात्यांची नवी व्याख्या सुचते.

हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्येच केला. मात्र २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. एकाच घरातील थोरली वंचित आणि धाकटी हक्कदार, असा विचित्र प्रकार त्यामुळे घडला. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद पुसला. तरीही 'त्या दिवशी वडील हयात होते काय?' हा प्रश्न न्यायालयांत घोळत राहिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना धक्का लागत नाही. म्हणूनच अनेक घरांत कुठलीशी जुनी 'तोंडी वाटणी' एकाएकी आठवते! सबळ सरकारी कागदपत्रांच्या आधाराविना ती सहसा मान्य होत नाही.

हिशेब फारसा अवघड नाही. आई, दोन मुलगे व एक मुलगी मागे ठेवून वडील मृत्युपत्र न करता वारले, तर वडिलोपार्जित मिळकतीचे प्रथम वडिलांसह पाच भाग कल्पावयाचे. वडिलांचा पाचवा भाग उरलेल्या चौघांत सारखा वाटला जातो. प्रत्येकाच्या पदरी एक चतुर्थांश येतो. आजी हयात असल्यास वडिलांच्या भागात तीही वाटेकरी. हिचा विसर तर हटकून पडतो. स्वकष्टार्जित मिळकतीचे मात्र वेगळे : मृत्युपत्राद्वारे ती कोणालाही देण्याची वडिलांना मुभा असते.

स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे लागते. साध्या कागदावरील सहीने हक्क जात नाही. नोंदलेला दस्तही फसवणुकीने करून घेतला असल्यास, ती उघडकीस आल्यापासून तीन वर्षांत रद्द करण्यासाठी दावा लावता येतो. भाऊबीजेची ओवाळणी थांबेल, या धाकाने केलेली सही कोर्टात दबावाची ठरविणे मात्र कठीण. वारसनोंदीच्या अर्जासोबतच्या वंशावळीत बहिणीचे नाव गाळले गेले, तरी तिची मालकी संपत नाही. फेरफाराची नोंद महसूल वसुलीपुरतीच असते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तिने लेखी हरकत घेतली, तर ते प्रकरण वादग्रस्त नोंदवहीत जाते आणि चौकशीविना नोंद प्रमाणित करता येत नाही.