ताटाच्या डाव्या बाजूची चटणी

एकाएकी शब्द फुटेनासे झाले आणि उजवा हात लुळा पडला, तर घरच्यांना लकव्याची शंका लगेच येते. पण ताटात डावीकडे वाढलेली चटणी-कोशिंबीर तशीच राहिली तर? नंदुरबारसारख्या मिरचीच्या गावात निदान कुणी विचारेल तरी! कारण तेही लकव्याचे लक्षण असू शकते, मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागातल्या.

मेंदूचा डावा गोलार्ध शरीराची उजवी बाजू हलवतो, उजवा गोलार्ध डावी. भाषेचे काम बहुतेकांत डावीकडे चालते. 1861 मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, तेव्हा इजा डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात सापडली. भोवतालच्या जागेचे भान मुख्यतः उजवीकडे असते. तो भाग दुखावला की माणूस व्यवस्थित बोलतो, पण त्याच्यापुरते डावीकडचे जगच नाहीसे होते. दाढी अर्ध्याच गालाची होते, सदऱ्याची डावी बाही लोंबत राहते. विचारावे तर म्हणतो, ‘मला काय धाड भरलीय?’ तो खोटे बोलत नसतो. आपले काही बिघडले आहे, हेच त्याला उमगत नाही. (डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कलावंत, ही मोबाइलवर फिरणारी वाटणी मात्र विसरलेली बरी.)

नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आजार बराच आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात आणि लकवा चार-पाच वर्षांच्या पोरालाही गाठू शकतो. असे मूल अचानक बोबडे बोलू लागले, एकाच बाजूला धडकू लागले, एक हात वापरेनासे झाले, तर ‘दमलं असेल, सकाळी बघू’ म्हणू नये. 108 ला फोन करावा आणि सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे. अशा मुलांत तातडीने रक्त देणे हा मुख्य उपचार असतो, त्यामुळे डॉक्टरांना आजार आधीच कळायला हवा.

मोठ्यांमध्ये गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. धडगाव-मोलगीच्या घाटवाटांनी मोठे रुग्णालय गाठण्यातच त्यातला मोठा वेळ जातो. म्हणून ‘मला काही झालं नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नये. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगावे. एक हात खाली घसरू लागला, की निघावे.