वर कांद्याची पात फुकट!

चीनमध्ये राहतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘अगं, खाता काय तिकडे?’ यांची बदली ग्वांगझौला झाली तेव्हा मलाही तोच घोर लागला होता. यांना मधुमेह, त्यात आम्ही दोघंही शाकाहारी. रोज बाहेरचं खाऊन चालणार नव्हतं. भाषेच्या नावाने शून्य. म्हणजे बाजारहाट करायचा तो मीच, आणि तोही मुक्याने!

पण भाजीबाजार पाहिला आणि जीव भांड्यात पडला. नाकाला ओढणी लावून मासळी-मांसाचे गाळे ओलांडले, की पुढे सगळी आपलीच मंडळी. दोडका, लाल माठ, फिकट हिरवं कारलं, फोडी करून ठेवलेला कोहळा... आपण विसरत चाललेली नाळीची भाजी तर जुड्याच्या जुड्या!

भाव मात्र किलोचा नसतो, ‘जिन’चा असतो. एक जिन म्हणजे 500 ग्रॅम. आकडे बोटांवर, आणि सहा-सात-आठसुद्धा एकाच हातावर! अंगठा-करंगळी ताठ केली की सहा, अंगठा-तर्जनी म्हणजे आठ. भाजीवाल्या मावशी भाव फारसा सोडत नाहीत, घासाघीस केली की नुसत्या हसतात. पण पिशवी भरली की वर कांद्याच्या पातीच्या चार काड्या फुकट टाकतात. आपल्याकडे कोथिंबीर-कढीपत्ता टाकतात ना, अगदी तश्शा! पैसे मोबाइलवरच. 2023 पासून परदेशी कार्ड वापरणंही खूप सोपं झालंय.

खरी घासाघीस हौशी खरेदीच्या बाजारात. विक्रेती कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून पुढे करते, आपण आपला दाबायचा. मी तिसऱ्या हिश्श्यापासून सुरुवात करते आणि नाहीच जमलं तर सरळ चालू लागते. मागून हाक आली तर भाव पटला म्हणायचं.

‘शीसानहांग’च्या ठोक कपडा बाजारात मात्र ही मात्रा चालत नाही. तो पहाटेच गजबजतो, आणि एक नग मागणाऱ्या बाईकडे कुणी ढुंकून बघत नाही. याच परिसरात पूर्वी परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. मुंबईचे पारशी व्यापारी इथे कापूस आणि अफू आणत, जाताना भरतकामाचं रेशीम नेत. पारशी बायकांच्या गारा साड्या त्यातूनच आल्या.

मेथीची जुडी काही मला मिळाली नाही. मेथीदाणे मिळाले, तेही चिंगपिंगच्या औषधी बाजारात, जडीबुटीच्या पोत्यांमध्ये. इथे ते औषध! मूठभर आणून गॅलरीतल्या कुंडीत पेरले. पहिल्या खुडणीची भाजी दोघांना जेमतेम चार-चार घास झाली.