साबणाचे यंत्र आणि आपले हात

पूर्वी वास्तुशांतीला भिंतीवरचे घड्याळ किंवा स्टीलचा डबा भेट म्हणून येत असे. आता त्यांच्या जोडीला एक नवी वस्तू येऊ लागली आहे. ती म्हणजे बेसिनशेजारी ठेवायचे, आपोआप साबण देणारे यंत्र. नळीखाली हात धरला की यंत्राला न शिवता साबणाचा थेंब किंवा फेस हातावर पडतो. मुलांना त्याची गंमत वाटते, पाहुण्यांना कौतुक वाटते. २०२० च्या करोनाच्या साथीत 'कशालाही हात लावू नये' हे आपल्या मनावर चांगलेच ठसले. त्यामुळे दवाखान्यात अधूनमधून प्रश्न येतो : "डॉक्टर, हे यंत्र घरी घेतले तर आजारपण कमी होईल का?"

याचे सरळ उत्तर असे की, आजारपण यंत्राने कमी होत नाही, हात धुण्याने कमी होते. यंत्र नीट राखले तर ते हात धुण्याला मदत करते. नाही राखले तर तेच जंतूंचे कोठार बनू शकते. ही दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून आज तिच्याविषयी थोडे सविस्तर पाहू.

यंत्र काम कसे करते?

यंत्राच्या नळीजवळ एक छोटासा डोळा असतो. त्यातून अवरक्त किरण बाहेर पडतात. आपल्या टीव्हीच्या रिमोटमध्येही साधारण असेच किरण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत व त्यांच्यापासून अपायही नाही. हात समोर आला की किरण हातावर आपटून परत येतात, यंत्राला हाताची चाहूल लागते, आतील छोटी मोटर फिरते आणि पंप ठराविक साबण बाहेर ढकलतो. यासाठी पेन्सिल सेल किंवा चार्ज होणारी बॅटरी लागते.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. एकात साबण जसाच्या तसा बाहेर येतो, दुसऱ्यात तो हवेत मिसळून त्याचा फेस होतो. फेसाच्या यंत्राला पातळ साबण लागतो. त्यात घट्ट साबण भरला की नळी तुंबते आणि यंत्र बिघडले असे आपल्याला वाटते. खिडकीतले ऊन थेट डोळ्यावर पडत असेल तरी यंत्र घोटाळते. म्हणून ते उन्हात व पाण्याच्या थेट शिंतोड्यांत ठेवू नये.

फायदा कोणाला?

काही घरांत हे यंत्र खरोखर उपयोगी पडते. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजींना पंप दाबता येत नाही, ओली वडी हातातून निसटते. अर्धांगवायूमुळे ज्यांचा एकच हात चालतो त्यांचीही तीच अडचण. कंपवाताच्या रुग्णांना, दृष्टी अधू असलेल्यांना असे यंत्र सोयीचे असते. स्वयंपाकघरात कच्चे मटण, मासळी किंवा अंडी हाताळल्यावर, तसेच अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शी-शू काढल्यावर बाटलीला हात न लावता साबण मिळणे चांगलेच. आणि एरवी हात धुवायचा कंटाळा करणारे मूल यंत्राच्या ओढीने बेसिनपाशी जात असेल, तर तोही मोठाच फायदा म्हणायचा.

पण नळाचे काय? साबण न शिवता घेतला, तरी नळाची चावी आपण मळक्या हातानेच उघडतो आणि धुतलेल्या हाताने त्याच चावीला पुन्हा धरतो. ज्या गावांत नळाला दिवसाआड पाणी येते, तेथे बादली आणि मग असतो. त्या मगाचा दांडा दिवसभर कोणी ना कोणी मळक्या हाताने धरतच असतो. म्हणून हात धुताना नळाची चावी किंवा मगाचा दांडाही साबणाने धुऊन घ्यावा. जमेल तेथे घरातल्या दुसऱ्या माणसाने पाणी घालावे.

खरा धोका टाकीत

यंत्रातला साबण अर्ध्यावर आला की आपण वरून नवीन साबण ओततो. शिल्लक थोडा असेल तर काटकसर म्हणून पाणी घालून हलवतो. या दोन्ही सवयी घातक आहेत.

साबणात जंतू कसे वाढतील, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पातळ साबणात पाणी असते, म्हणूनच तो टिकावा यासाठी त्यात जंतूंना आळा घालणारी द्रव्ये घातलेली असतात. आपण पाणी मिसळले की ती द्रव्ये विरळ होतात आणि टाकीतल्या पाण्याबरोबर जंतूही आत जातात. वरचेवर भर घालत राहिल्याने तळाचा जुना साबण कधीच संपत नाही. दमट, बंद जागेत जंतूंचा बुळबुळीत थर टाकीला व नळीला आतून चिकटतो आणि नवीन साबण त्यावरच पडतो. सुडोमोनास, क्लेबसिएला, सेराटिया या जातींचे जंतू अशा जागी वाढतात.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेत वरून साबण ओतून भरायची १४ पात्रे तपासली, तेव्हा सर्वच्या सर्व दूषित निघाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, त्या साबणाने हात धुतल्यावर मुलांच्या व शिक्षकांच्या हातांवरचे एका विशिष्ट गटाचे जंतू कमी होण्याऐवजी सुमारे २६ पट वाढले. बंद पिशवीतून साबण देणाऱ्या पात्रांनी मात्र जंतू कमी झाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तर २००२ सालीच रुग्णालयांना सूचना दिली होती की, अर्धवट रिकाम्या पात्रात वरून साबण घालू नये.

धडधाकट माणसाला अशा जंतूंचा सहसा त्रास होत नाही. परंतु घरात बाळंतीण व तान्हे बाळ आहे, कोणी कर्करोगाची औषधे घेत आहे, मधुमेह्याच्या पायाला जखम आहे, किंवा कोणी घरीच पोटातून डायालिसिस करत आहे, तेथे हे दुर्लक्ष महागात पडू शकते. 'मी तर हात धुऊनच पट्टी बदलली,' असे सांगणाऱ्याचे हात दूषित साबणाने धुतलेले असतील, तर धुण्याचा हेतूच फसतो. आणि हा नियम केवळ यंत्रालाच नाही, दाबून साबण काढायच्या साध्या बाटलीलाही लागू आहे.

यंत्राची निगा

१) साबण पूर्ण संपू द्यावा. अर्धवट असताना वरून भर घालू नये.

२) टाकी रिकामी झाली की कोमट पाण्याने खळखळून धुवावी. मग त्यात स्वच्छ कोमट पाणी भरून, यंत्र आठ-दहा वेळा चालवून नळीही धुऊन काढावी. मोटर व सेलचा भाग पाण्यात बुडवू नये.

३) टाकी पालथी घालून पूर्ण कोरडी करावी, नंतरच नवीन साबण भरावा. साबण पंधरा-वीस दिवसांत संपेल इतकाच घालावा. भरल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून यंत्राला लावली की विसर पडत नाही.

४) साबणात आपल्या मनाने पाणी मिसळू नये. फेसाच्या यंत्रासाठी तयार मिळणारा पातळ साबणच वापरावा.

५) साबणाला आंबूस वास आला, रंग बदलला, तार सुटू लागली किंवा टाकीच्या आत बुळबुळीत थर दिसला, तर तो साबण फेकून द्यावा. धुऊनही थर पुन्हा येत असेल तर यंत्राचा मोह सोडावा, कारण नळीच्या आतला थर घरगुती उपायांनी पुरता निघत नाही.

६) भांड्यांचा साबण किंवा फिनेल यात कधीही भरू नये. हातावर चोळायचे अल्कोहोलयुक्त द्रव्य साबणाच्या यंत्रात ठेवू नये. ते पेट घेते आणि लहान मुलाने प्यायल्यास विषबाधा होते.

७) बरेच दिवस गावाला जाताना सेल काढून ठेवावेत. वापरलेले सेल मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

वडी काही वाईट नाही

'एकच वडी सगळे वापरतात, मग जंतू एकमेकांना लागत नाहीत का?' अशीही शंका येते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साबणाच्या वड्यांना मुद्दाम जंतू लावले आणि त्या वड्यांनी लोकांना हात धुवायला सांगितले. धुतल्यानंतरच्या हातांवर त्या जंतूंचा मागमूस आढळला नाही. फक्त वडी पाण्यात भिजत राहू नये. खाली भोके असलेल्या साबणदाणीत ती निथळून कोरडी होऊ द्यावी.

साध्या साबणाची ताकद किती, याचा दाखला कराचीत मिळाला. तेथील गरीब वस्त्यांतील कुटुंबांना साबण देऊन हात धुण्याची सवय लावण्यात आली. २००५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. साधा साबण मिळालेल्या घरांत १५ वर्षांखालील मुलांमधील जुलाब ५३ टक्क्यांनी आणि ५ वर्षांखालील मुलांमधील न्यूमोनिया ५० टक्क्यांनी कमी आढळला. विशेष म्हणजे जंतुनाशक साबण वापरणाऱ्या घरांना त्याहून वेगळा लाभ झाला नाही. पुढे २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्ये हात धुण्याच्या घरगुती साबणांतून काढून टाकण्यास सांगितले. साध्या साबणापेक्षा त्यांचा अधिक उपयोग होतो हे उत्पादकांना दाखवता आले नव्हते. तेव्हा 'जंतुनाशक' या शब्दासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

हात कसे धुवावेत?

यंत्राचा एक थेंब घेऊन, तळवे एकमेकांवर फिरवून पाण्याखाली धरले म्हणजे हात धुतले असे होत नाही. साबण सगळ्या हाताला पुरेल इतका घ्यावा, कमी वाटल्यास यंत्राखाली दुसऱ्यांदा हात धरावा. आधी हात ओले करावेत. मग तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोके आणि मनगट या क्रमाने निदान २० सेकंद चोळावे. मुलांना बेचा पाढा सावकाश म्हणायला सांगावा, साधारण तेवढाच वेळ जातो. मग पुरेशा पाण्याने धुऊन हात कोरडे करावेत. ओल्या हातांवरून जंतू सहज पसरतात. बेसिनजवळचा दमट, सामाईक नॅपकिन आठ-आठ दिवस लटकत राहिला तर सारी मेहनत वाया जाते. तो रोज बदलावा.

शौचाहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी, मुलाला भरवण्यापूर्वी, जखमेची पट्टी बदलण्याच्या आधी व नंतर, तसेच गुरे, कुत्री वा कचरा हाताळल्यावर हात धुतलेच पाहिजेत.

थोडक्यात सांगायचे तर, यंत्र घ्यायचे असेल तर त्याच्या निगेची जबाबदारी घरातल्या एका माणसाने स्वीकारावी आणि मगच घ्यावे. ते जमणार नसेल तर साबणदाणीतली कोरडी वडी अधिक भरवशाची. आणि घरात यंत्र असेल, तर आजच टाकीचे झाकण उघडून आत बोट फिरवून पाहा. बोटाला बुळबुळीत थर लागला, तर आधी तो साबण ओतून द्या आणि वडीने हात धुवा.